उपाशीपोटीचा एक तास

१

गोळ्यांची पाकिटं काउंटरवर अशी आपटली की शेजारच्या बरणीतल्या खोकल्याच्या वड्यासुद्धा खडखडल्या.

"या औषधाच्या आहेत की पिठाच्या?"

शुक्रवारची सकाळ होती आणि दुकानात सात गिऱ्हाइकं होती. सातही जणांनी माना वळवल्या. आपटणारा माणूस बसचालक होता, अजून खाकी गणवेशातच. त्याची थोरली बहीण म्हणजे कपडे शिवायच्या कारखान्यातली कापड बेतणारी मुख्य कारागीर. सगळं गाव तिला मास्टरताई म्हणे. सहा वर्षांपूर्वी गळ्याची गाठ काढताना डॉक्टरांना मास्टरताईंची थायरॉइडची अख्खी ग्रंथी काढावी लागली होती. तेव्हापासून रोज सकाळची एक बारकीशी गोळी हाच त्यांचा आधार. शरीर त्या बाबतीत साफ हात वर करून बसलेलं.

"काल ताई कापायच्या टेबलाखाली पडलेली सापडली," भाऊ म्हणाला. "अंग गार, तोंड सुजलेलं, नाडी जेमतेम चाळीस. डॉक्टरीण म्हणते, रक्तात गोळीचा अंमलच दिसत नाही. टीएसएचचा आकडा चारच्या आत असावा तो साठावर गेलाय. एक तर गोळी पोटात जात नाही, नाहीतर गोळीत दम नाही. माझी बायको रोज सहाच्या ठोक्याला ताईच्या हातावर गोळी ठेवते. मग राहिलं काय? तुमचं दुकान! सोमवारी तक्रार करणार आहे मी, लेखी."

औषधवाल्या काकूंनी सत्तावीस वर्षं हे दुकान चालवलं होतं. चोख माल आणि चटपटीत बोलणं या दोन गोष्टींसाठी लोक दोन रस्ते ओलांडून त्यांच्याकडे यायचे. दुखणं कसलंही असो, काकू काहीतरी असं बोलायच्या की माणूस हसतच बाहेर पडे. आज मात्र त्यांचे कान तापले आणि जीभ नको तिथे सैल सुटली.

"हातावर ठेवली म्हणजे पोटात गेली असं कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "आणि हातावर तीच गोळी ठेवली, हे तरी कोणी पाहिलंय?"

भावाचा चेहरा उतरला. तो वळला आणि निघून गेला. सात जणांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आपण स्वतःला वाचवायला कोणाला पुढे ढकललं हे काकूंना तेव्हा कळलं.

२

संध्याकाळपर्यंत गल्लीत बोभाटा झाला की मास्टरताईंच्या वहिनीने नणंदेच्या गोळ्या बदलल्या. काकूंना भाजी आणायला बाहेर पडायची लाज वाटली.

त्याआधी दुपारी दार लोटून घेऊन त्यांनी एक काम केलं होतं. मास्टरताईंना दिल्या त्याच खोक्यातल्या गोळ्या आणखी नऊ जणांना गेल्या होत्या. तिघांना त्यांनी फोन लावला. निवृत्त पोस्टमनकाकांची रक्ततपासणी गेल्याच आठवड्यात झालेली, अगदी ठणठणीत. बाकी दोघीही धडधाकट होत्या, एक तर फोनवरच भांडायला लागली. म्हणजे गोळ्यांत खोट नव्हती. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच त्या श्वासाचीही त्यांना शरम वाटली. गोळ्या खऱ्या ठरल्या म्हणजे वहिनीवरचा संशय पक्का झाला. तो संशय काकूंनीच पेरला होता.

शनिवारी सकाळी त्या मास्टरताईंच्या घरी गेल्या. वहिनींनी दार उघडलं. डोळे सुजलेले होते, पण बसायला खुर्ची दिली.

"कालपासून हे माझ्याशी बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "ताट वाढलं तर सरकवून ठेवलं. विचारा काय विचारायचं ते."

"गोळी कशाबरोबर घेतात त्या?"

"पाण्याबरोबर. भरलेला पेला. माझ्यासमोर."

"मग चहा? कॉफी?"

"छे! तुमच्याच अक्षरात लिहिलंय ना." वहिनींनी कपाटातलं पाकीट पुढे केलं. त्यावर लाल पेनाने ठळक लिहिलेलं होतं: उपाशीपोटी. नंतर एक तास काही खायचं-प्यायचं नाही. "ताई देवाची आज्ञा मोडतील एक वेळ, ही नाही मोडायच्या. साडेसहाला कारखाना उघडायला जातात, आणि चहा तिथं साडेसातला सगळ्यांबरोबर."

काकूंनी आपली यादी पुढे चालवली. पित्ताची पातळ औषधं? नाही. हाडांसाठी कॅल्शियम? नाही. लोहाच्या गोळ्या? नाही. सोयाबीनचं दूध, पोट साफ व्हायचा भुसा? तेही नाही. यातली प्रत्येक गोष्ट थायरॉइडच्या गोळीला आतड्यात अडवून धरणारी, आणि यातली एकही या घरात नव्हती.

"मग दुसरं काही तोंडात टाकतात का त्या? अधूनमधून?"

वहिनींच्या हातातल्या टॉवेलची घडी मोडली. त्यांनी ती पुन्हा घातली, अगदी कोपऱ्याला कोपरा लावून.

"मी स्वयंपाक करते, कपडे धुते," त्या खाली बघत म्हणाल्या. "त्यांच्या पोटात काय जातं ते बघायला मी काय आत शिरलेय?"

नजर चोरणारं माणूस काकूंना काउंटरच्या पलीकडून बरोबर ओळखता येई. ही बाई काहीतरी लपवत होती, यात शंकाच नव्हती.

३

शनिवारी कारखाना अर्धा दिवस असतो. लांबलचक खोली, दोन रांगांत यंत्रं, आणि टोकाला मास्टरताईंचं कापायचं टेबल. काज करणाऱ्या मावशी तीस वर्षं तिथे काजंच करत होत्या. मास्टरताईंना पडलेलं त्यांनीच पाहिलं होतं.

"इथं, बघा. पाय टेबलाखाली, हातात फूटपट्टी." मावशींनी डोळे पुसले. "सगळ्यांच्या आधी येते हो. आम्ही येईपर्यंत तासभर एकटीच बेतत असते."

"तेवढ्या वेळात काही खाते? बिस्किटं? ब्रेड?"

"नाव नको! मी एकदा पावणेसातलाच आले लवकर, म्हटलं बिस्कीट घे, तर म्हणे माझा तास व्हायचाय. घड्याळ बघून चहाला हात लावते ती."

"अलीकडे काही वेगळं जाणवलं?"

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "महिन्याचा त्रास फार वाढलाय तिला. दर तासाला बाथरूमकडे पळते. आठ-आठ दिवस थांबत नाही. मला म्हणाली, कोणाला सांगू नका. तुम्ही औषधवाल्या म्हणून सांगितलं."

काकूंनी मान डोलावली. ग्रंथी नसलेल्या बाईच्या अंगात गोळी लागू पडेनाशी झाली की हेही वाढतं. रोगाचं लक्षण झालं, रोगाचं कारण नाही.

"आणि चिडचिडी झालीय," मावशी पुढे म्हणाल्या. "बिचारीला खडूंनी वात आणलाय."

"खडूंनी?"

"कापडावर खुणा करायचे हो, चपटे पांढरे. एक डबा महिनाभर पुरायचा. आता आठवड्यात फस्त. पिको करणाऱ्या नव्या मुलीला सगळ्यांसमोर चोर म्हणाली ही, मुलगी रडत घरी गेली. मग कपाटाला कुलूप घातलं. किल्ली गळ्यात अडकवून फिरते, तरी खडू जातातच! आता खडू नेऊन कोण काय घरावर चुना काढणार आहे? भूत आहे झालं." मावशी हसल्या. काकूही हसल्या.

हसतच त्या जिना उतरू लागल्या. पाचव्या पायरीवर त्यांचा कठड्यावरचा हात थांबला.

कपाटाला कुलूप होतं. कुलपातून खडू जायला किल्ली लागते. आणि किल्ली एकाच गळ्यात होती.

४

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती. "सोमवारपासून डोस दुप्पट करतेय," ती म्हणाली. "गोळ्या चांगल्या आहेत म्हणता, घरचे म्हणतात वेळेवर घेते. मग दुसरा उपाय काय?"

"दोन दिवस थांबा," काकू म्हणाल्या. "गोळी वाटेत कोणीतरी अडवत असेल आणि उद्या तो अडवणारा निघून गेला, तर दुप्पट डोस थेट हृदयावर जाईल. हिमोग्लोबिन किती आहे तिचं?"

डॉक्टरणीने कागद उलटले. "सात. पण थायरॉइड बिघडला की थोडं कमी होतंच, म्हणून..." ती थांबली. "सात म्हणजे फारच कमी आहे, नाही का?"

मास्टरताई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. चेहरा सुजून गोल झालेला, आवाज घोगरा. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. नखं मधोमध खोलगट झाली होती, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी. रक्तातलं लोह पार आटलं की नखं तशी होतात. आणि त्याच आजारात माणसाला भलत्याच गोष्टी खायची ओढ लागते. कोणाला माती, कोणाला बर्फ, कोणाला भिंतीचा पोपडा.

"रोज किती?" काकूंनी विचारलं.

"काय किती?"

"खडू."

मास्टरताईंनी हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"दोन," त्या शेवटी म्हणाल्या. "कधी तीन. शेहेचाळीस वर्षांची बाई मी, काकू. हाताखाली वीस जणी. आणि सकाळी दार लावून उभ्याने खडू चावते. थुंकून टाकायचं ठरवते आणि गिळते. त्या वासानंच तोंडाला पाणी सुटतं. जनावर झालंय माझं."

"सकाळीच का?"

"तो तास जाता जात नाही ना. पोटात कालवतं. तुम्ही सांगितलंय एक तास खायचं-प्यायचं नाही, म्हणून मी चहाला शिवत नाही, बिस्किटाला शिवत नाही. खडू म्हणजे काय खाणं थोडंच आहे?"

काकूंच्या डोक्यातलं सगळं धडाधड जागेवर बसलं. महिन्याच्या त्रासात रक्त गेलं, त्याबरोबर लोह गेलं. लोह गेलं म्हणून खडूची ओढ लागली. तो खडू चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियमच. हाडांच्या गोळ्यांत असतं तेच, फक्त कपड्यावर खुणा करायचं. गोळी पोटात उतरायला आणि मागोमाग खडू यायला एकच गाठ पडे. खडू गोळीला मिठी मारून तसाच बाहेर घेऊन जाई. गोळी लागू पडेना, म्हणून त्रास वाढला, म्हणजे रक्त आणखी गेलं, म्हणजे खडू आणखी लागला. मास्टरताई या चक्रात पाच महिने फिरत होत्या, आणि नेमका तोच एक तास काकूंचा हुकूम त्या जिवापाड पाळत होत्या. चार तासांनी खाल्ला असता तर गोळी तरी वाचली असती.

"अगं वेडे," काकू कळवळून म्हणाल्या, "मला एकदा विचारायचं तरी होतंस!"

मास्टरताईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

५

काकूंना आठवायला वेळ लागला, कारण त्यांच्या दृष्टीने ते काही घडलंच नव्हतं. तीन महिन्यांपूर्वीची संध्याकाळ. काउंटरवर गर्दी. मास्टरताई कडेला उभ्या राहिल्या होत्या, गर्दी ओसरायची वाट बघत. गर्दी ओसरली नाही. मग त्या पुढे झुकून हळूच म्हणाल्या होत्या, "आमच्या ओळखीतली एक बाई आहे. तिला खडू खायची सवय लागलीय. काही अपाय नाही ना होत?"

आणि काकू मोठ्याने म्हणाल्या होत्या, "खडू? मग फळाही गिळायला सांगा तिला! पोटात शाळाच भरेल!"

दुकान खो-खो हसलं होतं. मास्टरताईही हसल्या होत्या. मग त्यांनी बोटाला लावायची एक पट्टी मागून घेतली आणि त्या गेल्या. तो विनोद काकूंना इतका आवडला होता की त्यांनी तो रात्री जेवताना घरातही सांगितला होता.

आता इस्पितळाच्या लोखंडी स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना ते हसू पुन्हा ऐकू आलं. ओळखीतली बाई म्हणजे कोण, हे सत्तावीस वर्षांत त्यांना हजारदा कळलं होतं. जो माणूस दुसऱ्याचं म्हणून विचारतो तो स्वतःचं विचारतो, हे त्या दुकानातल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत. चार माणसं हसवायला मिळाली म्हणून त्या स्वतःच ते विसरल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. शब्द फारच तोकडे वाटले.

"एक करा," मास्टरताई म्हणाल्या. "डॉक्टरणीला सांगा, उपचारापुरतं. भावाला नको. कारखान्यात तर नकोच. मी त्या मुलीला चोर म्हटलंय, काकू. माझ्या तोंडात खडू असताना म्हटलंय. तिला मी माझ्या तोंडानं सांगेन, पायावर उभी राहिले की. पण इतरांनी नका सांगू."

काकूंनी शब्द दिला. डॉक्टरणीने सगळं ऐकून घेतलं, डोस आहे तोच ठेवला, आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या रात्री जेवणानंतर घ्यायच्या, कारण लोहही थायरॉइडच्या गोळीला तसंच अडवतं. बाकीचा त्रास कशाने होतो ते बघायला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलावलं.

मास्टरताई वाचणार होत्या. घरी चालत जाताना काकूंच्या लक्षात आलं, की दुकानाचं नाव वाचवायचं तर भावाला खडूचं सांगावं लागेल, आणि ते आता सांगता येणार नव्हतं. सोमवार परवावर आला होता.

६

सोमवारी भाऊ आला तो तक्रारीचा कागद घेऊनच. मागे वहिनी होत्या, चार पावलं अंतर ठेवून. काउंटरवर नेहमीची गर्दी होती. काकूंनी सगळे जायची वाट पाहिली नाही. शुक्रवारी बोलल्या होत्या त्याही सगळ्यांसमोरच.

"गोळ्या चांगल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या बायकोने रोज बरोबर तीच गोळी दिली. मी शुक्रवारी त्यांच्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं. कसलाही पुरावा नसताना बोलले. दोष माझा आहे."

"म्हणजे काय?" भाऊ म्हणाला.

"तुमच्या बहिणीने तीन महिन्यांपूर्वी मला इथं, या काउंटरवर, एक प्रश्न विचारला होता. त्याचं नीट उत्तर दिलं असतं तर त्या पडल्याच नसत्या. मी उत्तर दिलं नाही. मी त्यांना हसले."

"कसला प्रश्न?"

"ते मी सांगणार नाही."

भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरचा आधीच हरलेला सापडला की त्याचं काय करावं ते कळत नाही, तसं भावाचं झालं. त्याने कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"तक्रार तरी कशाची करू आता?" तो म्हणाला. "आजारी माणसाला हसता तुम्ही. तुमच्या भरवशावर आम्ही सहा वर्षं..." पुढचं त्याने सोडून दिलं. "आमची औषधं यापुढे समोरच्या दुकानातून येतील."

तो गेला. त्याच्यामागून तीन गिऱ्हाइकंही गेली, एक तर हातातली चिठ्ठी पुढे करता करता थांबून. त्या तीन महिन्यांपूर्वीच्या संध्याकाळी हसणाऱ्यांतली ती एक होती, पण तिला ते आठवत नसावं.

वहिनी मात्र गेल्या नव्हत्या. काउंटर मोकळा झाल्यावर त्या पुढे आल्या आणि त्यांनी लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी ठेवली.

"त्यांनी समोरून घ्यायला सांगितलंय ना?" काकूंनी विचारलं.

"त्यांनी सांगितलं. मी इथं आलेय."

"वहिनी, मला माफ करा. तुमच्या घरात मी आग लावली."

वहिनींनी पर्स उघडली, बंद केली. मग काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "ताईंच्या एप्रनच्या खिशात तुकडे निघतात. दात लागलेले. पाच महिने झाले, मी ते काढून टाकते आणि मग एप्रन भिजत घालते."

काकूंचा हात गोळ्यांच्या खणातच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"गोळीला बाधतं हे नव्हतं माहीत. नाहीतर हातातून काढून घेतला असता."

"मग शनिवारी मी विचारलं तेव्हा का नाही बोललात? नवरा बोलत नव्हता, गल्ली तुम्हाला नावं ठेवत होती. एका शब्दात सुटला असतात."

"तुम्हाला कसं सांगणार?" वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तीन महिन्यांपूर्वी ताई तुमच्या दुकानातून घरी आल्या आणि जेवल्याच नाहीत. मी पुन्हापुन्हा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, काकू फार हसल्या."

काकूंना त्या क्षणी काउंटरखाली बसून राहावंसं वाटलं. पण गिऱ्हाईक उभं होतं. त्यांनी गोळ्या काढल्या, पाकिटात घातल्या आणि पाकिटावर वेळ लिहिली.